पोटभर मॉरिशस

परदेशी सहलीला माणसं घेऊन जाण्याच्या माझ्या कामात विमान, बस आणि राहण्याची जागा हा सोपा भाग आहे. ते एकदा ठरलं की ठरलं. जेवणाचा प्रश्न मात्र रोज नव्याने उभा राहतो, तोही दिवसातून तीनदा. मी ठाण्याहून मॉरिशसला छोटे गट नेते. माझ्याबरोबर येणारी माणसं बहुतेक निवृत्त असतात. कुणी एसटीत, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत, कुणी बँकेच्या काउंटरमागे आयुष्य काढलेलं. भारतीय पासपोर्टवर मॉरिशससाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही आणि मुंबईहून थेट विमान आहे, म्हणून पहिला परदेशप्रवास करायला हे बेट अनेकांना झेपतं. तिकिटाचे पैसे भरून झालेले असतात. खर्च सुरू होतो तो तिथे पोचल्यावर, आणि त्यातला मोठा वाटा खाण्याचा असतो.

या कामात अगदी सुरुवातीला पाहिलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका रेस्टॉरंटमध्ये आमच्यातल्या एका शिक्षक जोडप्याने एकच शाकाहारी पास्ता मागवला आणि दोन रिकाम्या ताटल्या मागून घेतल्या. काकू म्हणाल्या, "मला भूकच नाही गं." सकाळपासून आम्ही ल मॉर्नच्या डोंगराखाली चालत होतो, भूक नसणं शक्य नव्हतं. काकांनी मेन्यूतल्या प्रत्येक किमतीला मनातल्या मनात गुणलं होतं. तिथला एक रुपया म्हणजे आपले पावणेदोन ते दोन रुपये, आणि मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात पंधरा टक्के व्हॅट वेगळा. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं, त्यांनी पैसे साठवून समुद्रापार यायचं आणि तिथे भूक नसल्याचं सांगायचं, हे मला सहन झालं नाही. सहल स्वस्त करायची असेल तर ती माणसांच्या पोटातून करायची नाही, हे तेव्हापासून मी धरून ठेवलं आहे.

मग मी बेटावरच्या किमती कुठून येतात ते शिकायला लागले.

मॉरिशसमध्ये जिकडे बघाल तिकडे ऊस दिसतो. शेतीखालच्या जमिनीचा मोठा भाग अजूनही उसाखाली आहे. त्यामुळे साखर मुबलक, पण तांदूळ, गहू, डाळी, तेल, दुधाची पावडर, चीज, सफरचंदं हे सगळं पोर्ट लुईच्या बंदरात जहाजातून उतरतं. बेटावर खाल्ल्या जाणाऱ्या अन्नाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग बाहेरून येतो. हे ऐकून लोकांना वाटतं की मग सगळंच महाग असणार. तसं नाही. जहाजातून आलेलं आणि वाटभर थंड ठेवावं लागणारं अन्न महाग असतं: युरोपातलं दही, चीज, द्राक्षं. जहाजातूनच आलेलं पण कोरडं, आणि सगळं बेट रोज खातं असं अन्न परवडतं. तांदूळ आणि पीठ यांना सरकारची मदत आहे, रोजच्या पावाची किंमत सरकार ठरवून देतं. कोंबडी आणि अंडी बेटावरच तयार होतात, म्हणून ती आवाक्यात असतात. मटण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून गोठवून येतं, ते बाजूला ठेवलेलं बरं. भाज्या बेटावर पिकतात आणि ऋतूप्रमाणे चढतात-उतरतात.

हे कळल्यावर मी राहण्याची जागा बदलली. आता आम्ही फ्लिक-आन-फ्लाकला स्वयंपाकघर असलेल्या सदनिकांमध्ये राहतो. समुद्र पायी दोन मिनिटांवर, सुपरमार्केट जवळ, आणि पोर्ट लुईला जाणारी साधी बस रस्त्यावरून मिळते. विमानतळ बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आग्नेयेला आहे, म्हणून येतानाच वाटेत एखाद्या मोठ्या सुपरमार्केटपाशी बस थांबवते. पहिल्या दिवशी तांदूळ, पीठ, तेल, मीठ, साखर, चहा, दुधाची पावडर, अंडी आणि पाण्याचे मोठे कॅन एवढंच घ्यायचं. किनाऱ्यालगतच्या छोट्या दुकानात पाण्याची एक बाटली जेवढ्याला पडते, तेवढ्यात सुपरमार्केटमध्ये त्याच्या कितीतरी पट पाणी मिळतं. कापडी पिशव्या मात्र घरूनच न्याव्या लागतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१६ पासून बंदी आहे.

घरून काय न्यायचं, यावर मी निघण्याआधी बैठक घेते. कुकर, गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, पोहे, थोडी मूगडाळ. बंद पाकिटातलं कोरडं सामान चालतं. नारळ, लिंबं, मिरच्या, कढीपत्ता, कुंडीतली तुळस यातलं काहीही नाही. ताजी फळं, भाज्या आणि रोपं परवान्याशिवाय आत नेता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. एका बेटाची सगळी शेती एखाद्या बाहेरच्या किडीने धोक्यात येऊ शकते. कढीपत्ता तिथे हवा तेवढा मिळतो, हे सांगितल्यावर कोकणातल्या बायकांचा जीव भांड्यात पडतो.

भाजीसाठी मी गटाला कात्र बोर्नच्या बाजारात नेते. बुधवार आणि शनिवार हे तिथले भाजीचे दिवस. गुरुवारी आणि रविवारी त्याच जागी कपड्यांचा बाजार भरतो, तेव्हा वार नीट बघून निघावं लागतं. पूर्वेकडे राहणाऱ्यांना फ्लाकचा बाजार जवळ, दक्षिणेला माएबूरचा सोमवारचा. आमच्या माणसांना या बाजारात पाऊल ठेवताच हुरूप येतो. दोडकी, पडवळ, दुधी, कारली, वांगी, भेंडी, लाल भोपळा, अळूची पानं, शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या. हॉटेलच्या बुफेत ज्यांना काय घ्यावं ते सुचत नाही, त्यांना इथे काहीही विचारावं लागत नाही. बोटाने दाखवलं, "कोम्ये सा?" म्हणजे केवढ्याला एवढं विचारलं की काम होतं. एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला आधी सांगून ठेवते: पाटीवरचा भाव पुष्कळदा अर्ध्या किलोचा असतो. तिथे तो लिव्हचा भाव, आणि लिव्ह म्हणजे पाचशे ग्रॅम. आपल्याकडच्या किलोशी तुलना करताना तो दुप्पट करूनच बघायचा.

त्या बाजारातली एक भाजी आता आमच्या गटांची लाडकी झाली आहे. शुशु म्हणून एक हिरवट, सुरकुतलेलं फळ असतं, वेलीवर लागतं. स्वतःची चव फार नाही, पण जिरं-लसणीच्या फोडणीत ते सुरेख शिजतं आणि बहुतेक वेळा बाजारातल्या स्वस्त भाज्यांमध्ये मोडतं. त्याचे कोवळे शेंडेही तिथे पालेभाजी म्हणून खातात. कुठल्याही पाल्याचं पातळ रसदार सार करायचं, आलं-लसूण घालून, आणि ते भातावर ओतून चटणीबरोबर खायचं, हे मॉरिशसच्या घराघरातलं रात्रीचं जेवण आहे. शेवग्याच्या पाल्याचं केलं तर उत्तमच. पर्यटकांच्या मेन्यूत ते क्वचित दिसतं.

या सगळ्याला वादळांची एक बाजू आहे, ती मी २०२४च्या फेब्रुवारीत जवळून पाहिली. त्या जानेवारीच्या १५ तारखेला बेलाल चक्रीवादळ आलं आणि पोर्ट लुईच्या रस्त्यांतून गाड्या वाहून गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा रस्ते स्वच्छ होते, पण शेतं सावरली नव्हती. पालेभाज्यांच्या जुड्या बारीक, कोथिंबीर महाग, टोमॅटोला हात लावायची सोय नाही. आणि त्याच वेळी कांदा कडाडलेला. भारताने ८ डिसेंबर २०२३ला कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती, आणि मॉरिशसचा कांदा मोठ्या प्रमाणात आपल्याकडूनच जातो. आमच्या गटात निफाडकडचे एक काका होते, स्वतः कांदा पिकवणारे. त्यांनी एका गाळ्यावरचा कांदा उचलला, साल दोन बोटांत चोळून बघितलं, भाव विचारला आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, माझा माल चाळीत पडून आहे. व्यापारी खर्चसुद्धा निघणार नाही असा भाव देतोय. आणि हे लोक बघा." गाळ्यावरच्या बाईला मी मोडक्यातोडक्या क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, सांगितलं की हे भारतातले कांद्याचे शेतकरी. तिने त्यांना नमस्कार केला आणि कांदा कधी येणार असं विचारलं. काकांकडे उत्तर नव्हतं. त्याच महिन्याच्या अखेरीस बंदी चालू असतानाच सरकारने मॉरिशससाठी १,२०० टन कांद्याची सूट दिल्याची बातमी आली. बंदी उठायला मात्र मे उजाडला.

त्या सहलीत आम्ही कांद्याशिवाय बरंच शिजवलं. लाल भोपळ्याची भाजी, मुगाची खिचडी, गोठवलेला मटार, आमसुलाचं सार. मासे खाणाऱ्यांसाठी खारवलेला मासा थोड्या टोमॅटोत परतून. वादळानंतरच्या आठवड्यांत बेटावरची माणसंही कडधान्यं, गोठवलेल्या भाज्या आणि सुक्या माशांवर निभावतात. त्या काळात भाजीबाजारात भाव करत उभं राहू नये असं मला वाटतं. ज्याच्या शेतात पाणी उभं राहिलं, त्याच्याकडून पाच रुपये सोडवून घेण्यात आपली बचत नाही.

स्वयंपाकघर असलं तरी मी दिवसाला एकच वेळ रांधू देते, बहुधा रात्रीची. आणि त्या एका वेळेसाठी पुरुषांनाही भाजी चिरायला, भांडी घासायला बसवते. सुट्टीवर येऊन बायकांनी पुन्हा ओट्यापाशीच उभं राहायचं असेल, तर तसली बचत मला मान्य नाही. एकदा एका काकांनी पहिल्या संध्याकाळी जरा कुरकुर केली. तिसऱ्या दिवशी तेच पडवळ कसं कापायचं ते इतरांना दाखवत होते.

सकाळ आणि दुपार रस्त्यावरच्या खाण्यावर काढायची. इथे मॉरिशस खरं उदार आहे. सकाळी पावाच्या दुकानातून ताजे पाव आणायचे, त्यात लोणी आणि गातो पिमां भरायचे. डाळ भरड वाटून, मिरची घालून तळलेले हे छोटे वडे कोपऱ्याकोपऱ्यावर गरम मिळतात. दुपारी दालपुरी. शिजवलेली डाळ हळद-जिऱ्यासह बारीक करून ती पिठाच्या गोळ्यात भरतात आणि तव्यावर पातळ, मऊ पोळी भाजतात. आपल्या पुरणपोळीत गुळाऐवजी नुसती डाळ राहिली असती तर ती अशी झाली असती. तिथे ती जोडीने विकतात, वर मोठ्या पांढऱ्या वालांची रस्सेदार उसळ, टोमॅटोची रुगाय, कोथिंबिरीची चटणी आणि मोहरीतलं भाजीचं लोणचं घालून कागदात गुंडाळून देतात. "पा त्रो पिमां" म्हटलं की मिरची बेतात घालतात. संपूर्ण शाकाहारी, पोटभर, आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलातल्या एका कॉफीच्या पैशांत दोन माणसांचं जेवण होतं. शाकाहारी माणसाला परदेशात काय मिळणार या काळजीने बॅगा भरून खाकरे आणणाऱ्यांना मी पहिल्याच दुपारी दालपुरीच्या गाडीपाशी उभं करते. रोझ हिलच्या देवांच्या दुकानाची दालपुरी बेटभर प्रसिद्ध आहे. पोर्ट लुईहून मेट्रो पकडून तिथे उतरता येतं. गाड्या सकाळपासून लागतात आणि दुपार कलली की माल संपतो, म्हणून दालपुरीसाठी दोन वाजेपर्यंत थांबण्यात अर्थ नसतो.

ही डाळ त्या बेटावर कशी आली, ते मी आप्रवासी घाटावर सांगते. गुलामगिरी संपुष्टात येत असताना, १८३४ पासून, हिंदुस्थानातून करारावर मजूर उसाच्या मळ्यांत नेले गेले. त्यांतले पुष्कळ जण पोर्ट लुईच्या त्या दगडी पायऱ्यांवरून आत गेले. २००६ साली युनेस्कोने ती जागा जागतिक वारशात घेतली. करारात मजुरीबरोबर शिधा ठरलेला असे: तांदूळ, डाळ, मीठ, थोडं तेल किंवा तूप. त्या शिध्यातली डाळ आज सगळ्या बेटाचं दुपारचं जेवण आहे. हिंदू, मुसलमान, चिनी, क्रिओल, सगळे एकाच रांगेत उभे राहून ती घेतात. त्या मजुरांत कोकणातली आणि घाटावरची माणसंही होती. पश्चिमेकडच्या कास्काव्हेल परिसरात आणि व्हाकोआच्या बाजूला त्यांची वस्ती आजही आहे, आणि गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. एका भाद्रपदात आमच्या गटाला तिथल्या एका मराठी घरी बोलावणं आलं. केळीच्या पानावर भात, डाळ, भाज्या आणि मोदक. यजमानीणबाई क्रिओलमध्ये बोलत होत्या, आरती मात्र आमच्यापेक्षा खणखणीत म्हणाल्या. आमच्या बायकांनी जाताना त्यांना गोडा मसाल्याचं पाकीट दिलं, आणि त्याने त्या किती हरखल्या ते बघून एकीने आपल्याकडचं उरलेलंही काढून दिलं.

मॉरिशसच्या माणसांची रविवारची सवय आम्ही उचलली आहे. किनारे तिथे सार्वजनिक आहेत. सुरूच्या झाडांखाली अख्खी कुटुंबं चटया पसरून बसतात, पातेल्यातून बिर्याणी वाढली जाते, कुणी गाणी म्हणतं. आम्हीही आदल्या रात्री फोडणीचा भात, कोशिंबीर, उकडलेली अंडी असं करून डबे भरतो आणि त्यांच्याशेजारी बसतो. इल ओ सेर्फसारख्या सहलीच्या बेटावर मात्र डबा न्यायला विसरून चालत नाही, तिथलं खाणं महाग आहे. रविवारी दुपारनंतर दुकानं लवकर बंद होतात, तेव्हा किराणा शनिवारीच.

फळांचंही असंच ऋतू बघून चालतं. नोव्हेंबर-डिसेंबरात लिची, त्यामागोमाग आंबे. अननस छोटा आणि अतिशय गोड, गाडीवर सोलून मिरची-मिठाबरोबर देतात. आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या तोंडाशी प्लेन शांपान्यच्या उंच भागात लाल चिनी पेरूची झुडपं लगडतात, आणि तिथली माणसं टोपल्या घेऊन ते तोडायला जातात. ही झाडं बाहेरून आलेली आणि स्थानिक जंगलाला त्रास देणारी, त्यामुळे पेरू तोडले तर जंगलाचं काही बिघडत नाही. आमच्या एका गटाने तिथे ओंजळी भरभरून पेरू खाल्ले आणि त्या दुपारी कुणाला जेवण लागलं नाही.

सगळ्यांनी आमच्यासारखंच करावं असं मी म्हणत नाही. ज्यांना फक्त पडून राहायचं आहे, किंवा ज्यांचं हॉटेल ल मॉर्न किंवा बेल मारसारख्या ठिकाणी वस्तीपासून दूर आहे, त्यांनी नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलेलंच पॅकेज घ्यावं. तिथे बाहेर टॅक्सीने जाऊन खाण्यात जास्त पैसे जातात. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना घेऊन आलेल्या एका मुलीला मी हाच सल्ला दिला आणि तिने तो ऐकला याचं मला समाधान आहे. पण जवळ बाजार असेल, हातपाय धड असतील, तर फक्त नाश्ता धरलेली किंवा स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी.

खाण्याचे पैसे मी प्रत्येकाकडून सुरुवातीला सारखे घेते आणि एका वहीत रोज लिहिते, वही टेबलावर उघडी ठेवते. कुणी काय खाल्लं, कुणी कमी का घेतलं, यावर कुणी बोलायचं नाही. शिजवलेलं सगळ्यांना वाढायचं. हे केल्यावर "मला भूक नाही" हे वाक्य आमच्या टेबलावर ऐकू आलेलं नाही.

शेवटच्या दिवशी न फोडलेली तांदळाची, तेलाची पाकिटं सदनिका झाडणाऱ्या बाईंना विचारून देतो. घरी न्यायच्या वस्तू विमानतळावर घ्यायच्या नाहीत. ब्वा शेरीचा व्हॅनिला चहा, उसाची तपकिरी साखर, मिरचीची पेस्ट हे सगळं सुपरमार्केटमध्ये रोजच्या भावाला मिळतं. मग वहीतला हिशेब करायला आम्ही पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात जातो. जे पैसे उरले ते मी तिथेच परत वाटते, आणि त्यातून पहिला खर्च बहुतेकांचा ठरलेला असतो: सब्जा आणि अगर-अगर घातलेला थंडगार दुधाचा अलुदा, एकेक मोठा ग्लास. काही जण दुसराही घेतात, आणि तो घेताना कुणी रुपयाचा गुणाकार करत नाही.